गोफणीचा धडा

मुलांना काही शिकवावयास जावे आणि शिकवता शिकवता आपणच पाटी घेऊन बसावे, असा प्रसंग बहुतेक आईबापांवर केव्हा ना केव्हा येतो. आमच्यावर तो एका चेंडूच्या निमित्ताने आला. या त्रैमासिकाच्या पानांवर खेळाविषयी फारसे कोणी लिहीत नाही, आणि आम्हीही लिहिले नसते. परंतु त्या चेंडूने आम्हांला जे शिकवले ते केवळ मैदानापुरते नव्हते, म्हणून लिहावयास बसलो आहोत.

आंद्रा नदीचे खोरे ते आंदर मावळ. पुणे-लोणावळा लोकलने कान्हे स्थानकावर उतरावे, रूळ ओलांडून उत्तरेची वाट धरावी आणि इंद्रायणीवरचा पूल मागे टाकावा, की टाकवे बुद्रुक येते. तेथून पुढे रस्ता वडेश्वरावरून, ठोकळवाडी धरणाच्या पाण्याच्या सोबतीने, सह्याद्रीच्या माथ्याकडे जातो. नोकरीच्या निमित्ताने आम्ही या भागात येऊन राहिलो त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्या धर्माची कुटुंबे येथे मोजकीच. रविवारच्या मिस्सासाठी कान्ह्याहून लोकल पकडून लोणावळ्यास जावे लागते. शेजार मात्र चांगला लाभला. घराच्या मागे भाताची खाचरे आहेत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ तेथे पिकतो आणि तो शिजू लागला की त्याचा वास चार घरांत जातो. कापणी झाली की हीच खाचरे मुलांची मैदाने होतात.

आमची धाकटी कन्या सातवीत असताना तिच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ निघाला. हात लांब, अंगकाठी उंच, म्हणून तिला पिचर म्हणून निवडले. ही बातमी घेऊन ती धावत घरी आली तेव्हा आम्हांला आनंद झाला. पण खरे सांगायचे तर त्या आनंदात तिच्यापेक्षा आमचाच वाटा मोठा होता. तरुणपणी आम्ही टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळलो होतो आणि गल्लीतले वेगवान गोलंदाज म्हणून मिरवलोही होतो. पुढे संसार आणि नोकरी यांत ते सारे राहून गेले. आता ते मुलीच्या हातून पुरे होईल, असे मनात कोठेतरी आले. त्या वेळी ते आम्ही स्वतःशीही कबूल केले नसते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. सॉफ्टबॉल जन्मला तो १८८७ साली, अमेरिकेतील शिकागो शहरात, आभारदिनाच्या सुट्टीत. एका नौकाविहार मंडळाच्या सभागृहात काही तरुण फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळल्यावर एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा उचलून दुसऱ्याकडे भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी तेथल्या तेथे त्या थट्टेचा खेळ केला. त्याला सॉफ्टबॉल हे नाव मिळाले ते मात्र १९२६ साली, वायएमसीएच्या एका कार्यकर्त्याकडून. नाव मऊ असले तरी चेंडू मऊ नसतो. त्याचा घेर १२ इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून बराच मोठा. वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम. आपल्या राज्यात हा खेळ शालेय स्पर्धांत आहे, आणि सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळालेले आहेत.

या खेळात सारा डाव पिचरच्या हाताभोवती फिरतो. स्त्रियांच्या सामन्यात ती होम प्लेटपासून ४३ फुटांवर उभी राहते. लहान मुलींसाठी हे अंतर कमी असते. चेंडू खालूनच टाकावयाचा. हात कमरेच्या खाली असताना, अंगाला लगटून पुढे जाताना तो सुटला पाहिजे, आणि मनगट कोपरापेक्षा अंगाबाहेर जाता कामा नये, असा नियम आहे. चेंडू बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीत आणि प्लेटवरून गेला तर स्ट्राइक. तसे चार चेंडू चुकले तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरवून टाकण्याच्या पद्धतीला विंडमिल म्हणतात. चांगल्या पिचरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरजवळ पोचतो. तेवढ्या वेळात तिने चेंडू पाहावयाचा, ठरवावयाचे आणि बॅट फिरवावयाची.

आम्ही हे सारे वाचले आणि मनात म्हटले, खालून तर टाकावयाचे आहे! लहान मुलाला खेळवताना आपण टाकतो तसे. त्यात अवघड ते काय, आणि दुखण्यासारखे तरी काय? येथेच आमचे पहिले चुकले.

डिसेंबरात खाचरे रिकामी झाली होती. आम्ही ढेकळे फोडून एक पट्टी सपाट केली, फक्कीने रेघा आखल्या आणि कामावरून आल्यावर रोज संध्याकाळी शिकवणी सुरू केली. आमचे गुरू म्हणजे एक जुनी पुस्तिका आणि फोनवर पाहिलेली काही चित्रे. त्यांतून आम्ही दोन सूत्रे काढली. पहिले, हात जितक्या जोराने फिरेल तितका वेग. दुसरे, चेंडू सुटल्यावर हात तसाच वर ओढावयाचा, कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत आले पाहिजे. कन्या आज्ञाधारक. ती दात आवळून हात फिरवी आणि कोपर वर झटकी. चेंडू कधी आकाशात, कधी बांधापलीकडे. आम्ही म्हणू, "आणखी जोर लाव."

रोज शंभर चेंडू, असा आमचा नेम होता. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून आम्ही खिशातली जपमाळ हाती घेऊ. एक माळ म्हणजे पन्नास चेंडू, दोन माळा म्हणजे शंभर. हे लिहिताना आज संकोच वाटतो, पण लिहिले नाही तर हा लेख खोटा होईल. पवित्र मातेच्या माळेवर आम्ही मुलीचे श्रम मोजीत होतो, आणि त्या पन्नास मण्यांत प्रार्थना एकही नव्हती.

ती दमली की आम्ही तिला युकिको उएनोची गोष्ट सांगत असू. जपानची ही पिचर. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने एकाच दिवशी दोन सामने टाकले आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. दोन दिवसांत तीन सामने, एकूण ४१३ चेंडू. अमेरिकेला हरवून जपानने सुवर्णपदक जिंकले. "ती ४१३ टाकते, आणि तुला शंभर जड होतात?" असे आम्ही हसत हसत म्हणू. कन्याही हसे आणि पुन्हा रेघेवर जाऊन उभी राही. ते हसणे खरे नव्हते, हे आम्हांला कळले नाही.

कळले ते उपवासकाळातल्या एका रविवारी. मिस्साच्या आरंभी सर्वांनी क्रुसाची खूण केली. कन्या आमच्या शेजारी उभी होती. तिने उजवा हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि थांबला. मग डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून आधार देऊन तिने तो हात कपाळाकडे नेला. कोणाच्या ध्यानात येऊ नये अशा बेताने तिने हे केले, आणि त्यावरूनच ध्यानात आले की असे ती प्रथमच करीत नव्हती. त्या दिवशीचे प्रवचन आम्हांला आठवत नाही. परतीच्या लोकलमध्ये तिच्या आईने विचारले तेव्हा कळले की तीन आठवडे ती वेणीसुद्धा डाव्या हाताने घालण्याचा प्रयत्न करीत होती.

डॉक्टरांनी खांद्याचा पुढचा भाग दाबून पाहिला तशी ती कळवळली. दंडाच्या स्नायूचा जो कंडरा खांद्यावरून जातो, तो सुजला होता. सहा आठवडे चेंडूला हात लावावयाचा नाही, नंतर व्यायाम, आणि टाकण्याची पद्धत बदलल्याखेरीज पुन्हा खेळ नाही, असे त्यांनी बजावले. आम्ही म्हटले, "पण डॉक्टरसाहेब, खालून टाकल्याने कसे दुखेल?" त्यांनी समजावले, की हा समज फार जणांचा आहे. हात वर्तुळात वेगाने फिरताना तो खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जातो. ही ओढ मोजली गेली आहे, आणि ती खेळाडूच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास भरते. ती ओढ सावरण्याचे काम त्याच कंडऱ्याला करावे लागते. पाय आणि कंबर यांनी आपला वाटा उचलला तर खांदा निभावून नेतो. सगळा भार एकट्या हातावर टाकला तर तो असा रुसतो.

त्या रात्री जपमाळेची प्रार्थना झाल्यावर आम्ही तिला जवळ बसवून घेतले. बापाने लेकराची क्षमा मागण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. धर्मगुरूंसमोर गुडघे टेकणे आम्हांला लहानपणापासून ठाऊक. पण बारा वर्षांच्या मुलीसमोर शब्द फुटेनात. अखेर एवढेच म्हणालो, "बाळ, चूक माझी होती. तुला दुखत होते ते तू का नाही सांगितलेस?"

ती म्हणाली, "पप्पा, मला वाटलं सगळ्यांनाच दुखतं. मीच कमी पडते."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

इस्टर झाला. मे महिन्यात खांदा मोकळा झाला. आम्ही खेळ सोडून देण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा तिने स्पष्ट नकार दिला. "मला नीट शिकायचं आहे," ती म्हणाली. म्हणून ओळखीतून आम्ही एका क्रीडाशिक्षिकेला गाठले. त्या स्वतः राज्यपातळीवर पिचर म्हणून खेळलेल्या. त्यांनी तिला एकदाच, चेंडूविना, हात फिरवून दाखवावयास सांगितले आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "कोपर वर झटकायला हिला कोणी शिकवलं?" आम्ही मान खाली घातली. त्या हसल्या. म्हणाल्या, "लाजू नका. पूर्वी आम्हांलाही असंच शिकवलं होतं. माझा खांदा अजून पावसाळ्यात बोलतो."

त्यांचे पहिले सांगणे ऐकून आम्ही चकित झालो. जे शिकवावयाचे ते शेवटाकडून आरंभाकडे. चेंडू हातातून सुटतो तो क्षण आधी, पूर्ण फेरा सर्वांत शेवटी. कारण शेवट बिघडलेला असेल तर फेरा जितका मोठा तितकी चूक मोठी. त्यांनी पहिला महिनाभर खरा चेंडू दिलाच नाही. जून लागला होता, आणि आंदर मावळातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की तो एकदा बसला म्हणजे भिंतींनाही घाम फुटतो. शिकवणी ओसरीत आली. तिच्या आईने दोरीवर एक जुनी गोधडी टांगली आणि तिच्यावर काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीचा लाल कापडाचा चौकोन टाचून दिला. मोज्यांची गुंडाळी करून चेंडू केला. पाच-सहा फुटांवर उभे राहावयाचे, हात मांडीशी सैल सोडावयाचा आणि पुढच्या बाहूचा कमरेला हलका स्पर्श होत असतानाच बोटांवरून चेंडू सोडावयाचा. हात वर ओढावयाचा नाही. बाहू आपसूक आतल्या बाजूस वळेल आणि जेथे थांबावयाचा तेथे थांबेल. चेंडू तळहातात घट्ट धरावयाचा नाही. शिवणीवर बोटांची टोके ठेवून धरावयाचा, आणि शेवटी बोटांनी तो फिरला पाहिजे.

जुलैत अर्धा फेरा आला. हात कानाजवळ सरळ वर, अंग बॅटरकडे आडवे, पुढचा पाय टेकलेला, तेथून खाली. ऑगस्टात पाय आले. बाईंनी ओसरीच्या फरशीवर खडूने एक सरळ रेघ ओढली. पिचिंग प्लेटपासून निघून ती थेट गोधडीवरच्या चौकोनाकडे जाई. मागच्या पायाने जमीन ढकलून या रेघेवरूनच पुढे जावयाचे, आणि पुढचा पाय थोडा तिरका, खांबासारखा रोवावयाचा. तो पाय घट्ट रोवला की अंगाचा वेग तेथे अडतो आणि तो कमरेतून धडात, धडातून खांद्यात, खांद्यातून कोपरात, मनगटात आणि अखेर बोटांत उतरतो. बैलगाडीवाल्याच्या आसुडासारखे हे आहे. मूठ थोडीशी हलते, पण टोक कडाडते. आम्ही मात्र मुलीला आसुडाऐवजी सोटा फिरवावयास लावला होता.

बाईंची मोजणी वेगळी होती. आठवड्यात तीन दिवस, दिवसाला तीस, आणि दुखले तर त्याच क्षणी शून्य. आम्ही एकदा भीत भीत उएनोचे ते ४१३ चेंडू काढले. त्या म्हणाल्या, "तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तिच्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती. आणि तसं रोज घडत नाही, म्हणूनच तो आकडा लोकांच्या लक्षात राहिला. तुम्ही दुसरा आकडा बघा." दुसरा आकडा असा. २००८ नंतर ऑलिंपिकमधून सॉफ्टबॉल वगळला गेला. तो परत आला टोकियोत, जुलै २०२१ मध्ये. तेरा वर्षांनी. अंतिम सामना पुन्हा अमेरिकेशी. जपानसाठी चेंडू घेऊन उतरली ती एकोणचाळीस वर्षांची उएनो. मधे तिला विश्रांती दिली, शेवटच्या डावात ती परत आली आणि सामना तिनेच संपवला. जपान २-० असा जिंकला. आम्ही मुलीला ४१३ चेंडूंचा धाक घालत होतो. जो खांदा तेरा वर्षांनंतरही चेंडू टाकू शकला, त्याची गोष्ट आम्ही तिला कधी सांगितलीच नव्हती.

सप्टेंबर सरला, पाऊस उघडला, आणि शिकवणी घराबाहेर आली. भात अजून उभे होते म्हणून बांधालगतच्या मोकळ्या तुकड्यावर सराव सुरू झाला. पूर्ण फेरा, खरा चेंडू. आणि येथे सारे अडले. ओसरीत इतका सुरेख फिरणारा हात खऱ्या चेंडूने ताठ होऊ लागला. फेरा सुरू होई, आणि खाली येता येता तिचा खांदा आखडे. बाईंनी ओळखले की दुखणे शरीरातून गेले आहे, मनातून गेलेले नाही. अंगाला मागच्या वेळची आठवण होती. "घाई करू नका," एवढेच त्या आम्हांला म्हणाल्या. आम्ही दूर जाऊन बसू लागलो. आम्ही जवळ असलो की तो हात अधिक ताठ होतो, हेही एव्हाना आमच्या ध्यानात आले होते.

शेजारच्या खाचराचे मालक सत्तरी उलटलेले शेतकरी. आमची मुले त्यांना आबा म्हणतात. दाणा भरू लागला की पाखरे राखण्यासाठी ते बांधावर गोफण घेऊन बसतात. आता गोफण फारशी दिसत नाही. नव्या पिढीने तिची विद्या घेतली नाही. मधे दगड ठेवण्यापुरता विणलेला खोलगा, दोन बाजूंना दोन दोऱ्या. एकीचे टोक बोटात अडकवलेले, दुसरीचे चिमटीत. आबांचे हात काटकुळे, पण त्यांच्या गोफणीतून सुटलेला खडा खाचराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन पडे आणि पाखरांचा थवाच्या थवा उठे.

एका संध्याकाळी ते बराच वेळ आमच्या कन्येकडे पाहत होते. मग बांधावरून उतरून आले आणि म्हणाले, "पोरी, येवढी आवळतीस कशापायी? दगूड काय हातानं जातोय व्हय? ही बघ." त्यांनी गोफण एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली आणि चिमटीतली दोरी सोडली. "फिरवायचं, आन् येळ आली की सोडायचं. धरून ठिवलंस तर आपल्याच टाळक्यात."

कन्येने गोफण मागून घेतली. पहिला खडा तिच्या मागेच पडला. दुसरा आभाळात गेला. आबा हसत राहिले, तीही हसत राहिली. त्या आठ-दहा खड्यांत तिला खांद्याची आठवण झाली नाही. मग तिने चेंडू उचलला, रेघेवर उभी राहिली, दोन्ही हात समोर जुळवून क्षणभर थांबली आणि पाऊल टाकले. हात कानाजवळून वर गेला, मांडीजवळून खाली आला, आणि चेंडू सुटला. गोधडीच्या लाल चौकोनावर तो धप्पकन आदळला. मागच्या पायाच्या अंगठ्याने मातीत एक सरळ रेघ ओढली होती. आम्ही दूर बसलो होतो. एकही शब्द बोललो नाही.

घरी येऊन आम्ही बायबल उघडले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला सतरावा अध्याय. दावीद आणि गल्याथ यांची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत, आणि ऐकून ऐकून आपले लक्ष नेहमी राक्षसाच्या कपाळावरच जाते. त्या रात्री आमची दृष्टी त्याआधीच्या काही ओळींवर थांबली. दावीद लढावयास निघतो तेव्हा शौल राजा त्याला स्वतःची वस्त्रे घालतो, डोक्यावर टोप ठेवतो, अंगात चिलखत चढवतो. राजाचा हेतू वाईट नव्हता. त्याच्यापाशी जे उत्तम होते ते त्याने दिले. पण दावीदाला त्या चिलखतात चालताच येईना. त्याची सवय नसल्याचे सांगून त्याने ते उतरवून ठेवले, ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचून घेतले आणि आपली ओळखीची गोफण हाती घेतली.

आम्ही मुलीच्या अंगावर काय चढवले होते ते तेव्हा उमगले. आमचे राहून गेलेले क्रिकेट, आमचा वेग, आमची शंभराची मोजणी. त्यात भर म्हणून, खेळाडूंना दहावीत वाढीव गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के राखीव जागा असतात, हा व्यवहारही आम्ही मनाशी जुळवून ठेवला होता. हेतू आमचाही वाईट नव्हता. पण ते चिलखत बारा वर्षांच्या मापाचे नव्हते, आणि ते उतरवून ठेवण्याचे धैर्य दावीदाला होते तसे तिला नव्हते. कारण ते घालणारा तिचा बाप होता. आपल्या घराघरांतून अशी किती चिलखते मुलांच्या अंगावर असतील! कोणाला डॉक्टर व्हावयाचे राहिले, कोणाला गावयाचे राहिले, कोणाला सेमिनरीत जावयाचे राहिले. मुले ती निमूटपणे वागवतात, आणि ज्या हाताने क्रुसाची खूण करावयाची तो हात उचलेना झाला तरी सांगत नाहीत.

त्या हिवाळ्यात कन्येच्या शाळेचा संघ एका स्पर्धेत उतरला. मोठा विजय मिळाला असता तर लेखाला शोभा आली असती, पण तसे घडले नाही. दुसऱ्या डावात तिचे चेंडू भरकटले, दोन बॅटरना तिने फुकट बेस दिले आणि एका टोल्यावर त्या दोघीही घरी पोचल्या. जुनी सवय आमच्या ओठांपर्यंत आली होती; "जोर लाव" हे शब्द आम्ही गिळले. तिने ग्लोव्ह काखेत धरला, हाताला माती चोळली, खांदे सैल सोडले आणि रेघेवर येऊन थांबली. पुढच्या तीनही बॅटर बाद झाल्या. त्यांतील एक तर तिसऱ्या स्ट्राइकला नुसती पाहत राहिली. सामना त्या हरल्या. परत येताना तिने आम्हांला विचारले, "पप्पा, तो शेवटचा चेंडू बघितलात का? काही जोरच लावला नव्हता." आम्ही म्हटले, "बघितला."

आता ती नववीत आहे. पिचिंग करते, आणि शाळेतल्या लहान मुलींना ओसरीवाला धडा देते: शेवटाकडून आरंभाकडे, मोज्यांच्या चेंडूने. गोधडी विरली म्हणून तिच्या आईने दुसरी दिली आहे. लाल चौकोन तोच काढून नवीवर लावला. आबांनी आपली गोफण तिला देऊन टाकली आणि स्वतःसाठी नवी विणली. पुढे ती कोठवर खेळेल हे आम्हांला ठाऊक नाही आणि आम्ही विचारीतही नाही. संध्याकाळी ती सराव करते तेव्हा आम्ही गोधडीमागे पडलेले चेंडू गोळा करून देतो. मोजणी तिची ती करते.

जपमाळ आता खिशात असते ती प्रार्थनेसाठीच. रात्री सगळे मिळून बसलो की कन्या आरंभीची क्रुसाची खूण करते, आणि आमची नजर अजूनही आधी तिच्या उजव्या हाताकडे जाते. तो हात सहज कपाळापर्यंत जातो, छातीवर येतो, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. मग आम्ही डोळे मिटतो आणि पहिला मणी धरतो.